कोलेस्टेरॉल कमी, तरी यकृतात चरबी?

कोलेस्टेरॉलचे आकडे मर्यादेत आले की रुग्ण खूश होतो. व्हायलाही हवा. पण कधी कधी कोड्यात टाकणारा रिपोर्ट हाती येतो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, वजन मात्र बेताचे, दारूचा थेंब नाही आणि कोलेस्टेरॉल अपेक्षेपेक्षाही कमी. अशा वेळी आम्ही एक तपासणी आवर्जून लिहून देतो. ती हेपॅटायटिस सीची.

या विषाणूचे चरबीशी असलेले नाते विलक्षण आहे. चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून यकृत ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधते आणि तिची बारीक पुडकी रक्तात सोडते. हा विषाणू नेमका त्याच पुडक्यांशी जोडून घेऊन यकृताबाहेर पडतो. रक्तात फिरताना तो चरबीच्या कणासारखाच असतो, त्यामुळे शरीराच्या प्रतिपिंडांना सहज सापडत नाही. नव्या पेशीत शिरतानाही तो कोलेस्टेरॉल आत घेण्याची काही दारे वापरतो. आत गेल्यावर त्याचा मुक्काम असतो चरबीच्या थेंबांपाशी. त्याच्या कवचाचे प्रथिन या थेंबांवर जाऊन बसते आणि नव्या विषाणूंची जुळणी त्यांच्या आधारानेच होते.

विषाणूचे अनेक प्रकार आहेत. आपल्या देशात जास्त आढळणारा तिसरा प्रकार या बाबतीत सर्वांत उपद्रवी. तो चरबीची पुडकी बाहेर पाठवण्याच्या कामातच अडथळा आणतो. गोदाम तुडुंब आणि बाजारात माल नाही, अशी अवस्था होते. म्हणजे यकृतात चरबी साठते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. शिवाय या आजारात इन्सुलिनचे काम मंदावते आणि मधुमेहाची शक्यता वाढते.

म्हणून फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाने धास्ती घेऊ नये. बहुतेकांच्या यकृतातली चरबी सुटलेले पोट, मधुमेह किंवा दारू यांच्यामुळेच असते. मात्र जुन्या काळी रक्त घेतलेले, डायलिसिसवर असलेले, नशेची इंजेक्शने घेतलेले किंवा एकच सुई अनेकांना टोचली जाई अशा दवाखान्यात गेलेले यांनी एकदा तपासून घ्यावे. (‘डॉक्टर, गोळी नको, सुईच टोचा’ हा आग्रह अजून पुरता गेलेला नाही.) आजार वर्षानुवर्षे मुका राहतो, कावीळ दिसेलच असे नाही. पहिली चाचणी प्रतिपिंडांची असते. ती पॉझिटिव्ह आली, तर विषाणू खरोखर रक्तात आहे का हे आरएनए चाचणीने ठरते.

उपचार आता सोपे झाले आहेत. सोफोसबुव्हिरबरोबर डॅक्लाटासव्हिर किंवा वेल्पाटासव्हिर, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची औषधे चालू असतील, तर ती आधी डॉक्टरांना दाखवावीत. अमिओडॅरोनबरोबर सोफोसबुव्हिर दिल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात.

बरे झाल्यावर मात्र एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘तुमच्या गोळ्यांनी माझे कोलेस्टेरॉल वाढवले!’ ते वाढते हे खरे, पण दोष गोळ्यांचा नाही. विषाणूने दाबून ठेवलेला आकडा तो गेल्यावर पुन्हा वर येतो. त्या माणसाचे खरे कोलेस्टेरॉल तेच. त्यामुळे उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे आणि वय, रक्तदाब, साखर, तंबाखू हे सारे पाहून स्टॅटिन द्यायचे की नाही ते ठरवावे. तिसऱ्या प्रकारात विषाणूमुळे साठलेली यकृतातली चरबीही बहुधा ओसरते.

ज्यांना उपचारापूर्वीच सिरोसिस झाला होता, त्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका त्यांच्यात कमी होतो, संपत नाही.