दोन चाकं, दोन कोन

वरळीच्या बीडीडी चाळींत मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. १९२० च्या दशकातल्या या चाळींची एकेक खोली १६० चौरस फुटांची. रिमोटवरची गाडी स्वतः बांधणाऱ्याला इथे दोन चांगल्या परीक्षा मिळतात. पॅसेज स्टिअरिंगची परीक्षा घेतो, तर जवळचं जांबोरी मैदान सस्पेन्शनची.

वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर चाकं फरफटतात. यावरचा तोडगा घोडागाडीच्या काळातला आहे. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गरने तो काढला आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमानने लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या-मागच्या आसांत २६० मिलिमीटर आणि दोन किंगपिनांत, म्हणजे पुढची चाकं ज्यांभोवती वळतात त्या खिळ्यांत, १३० मिलिमीटर अंतर धरा. आतलं चाक ३० अंश वळलं तर बाहेरचं २४ अंशच वळायला हवं. त्यासाठी स्टिअरिंगचे दांडे मागच्या आसाच्या मध्याकडे रोख धरून तिरके बसवतात. हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण एवढ्या गाडीला पुरतो.

चाकं वळवतो सर्व्हो. दीड मिलिसेकंदाचा सिग्नल आला की चाकं सरळ. तो एक किंवा दोन मिलिसेकंदांकडे सरकला की डावी-उजवीकडे. गाडी भिंतीवर आदळली तर सर्व्होचे दाते तुटू नयेत म्हणून मध्ये स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर हवाच.

सस्पेन्शनचं खरं काम चारही चाकं जमिनीला धरून ठेवण्याचं. जमीन सुटलेलं चाक कितीही अचूक वळवलं तरी गाडी वळत नाही. स्प्रिंग धक्का झेलते, पण तेल भरलेला शॉक नसेल तर गाडी उसळतच राहते. पिस्टनच्या बारीक भोकांतून सिलिकॉन तेल जाताना ही उसळी जिरते. चाकाला धरणाऱ्या दोन दांड्यांपैकी वरचा आखूड ठेवला, तर वळणावर गाडी कलली तरी भार घेणारं बाहेरचं चाक बरंचसं उभं राहतं.

मात्र टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या सळईची, लांबी आणि तिरकेपणा या दांड्यांशी जुळला नाही, तर चाक खड्ड्यात वरखाली होताना आपोआप वळतं. म्हणून स्टिअरिंग आणि सस्पेन्शन एकाच कागदावर, एकत्रच आखावं लागतं.

आता या चाळींच्या जागी नव्या इमारती येत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. या नव्या इमारतींत मुलांसाठी एक टेबल, एक पकड आणि एक कोनमापक ठेवायला जागा काढा. तयार गाडी चालवण्यापुरती असते. बांधलेली गाडी भूमिती शिकवते.