जन्मतः वळलेले पाऊल

तुमच्या घरी लवकरच एक बाळ येणार आहे असे समजा. पाचव्या महिन्यात वहिनी सोनोग्राफी करून येते, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला असतो. डॉक्टरांनी सांगितलेले असते, "बाळाची वाढ चांगली आहे, पण एक पाऊल आत वळलेले दिसते." घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, "ग्रहणात भाजी चिरली असेल." कोणी म्हणते, "आता हे मूल जन्मभर लंगडणार." या दोन्ही बोलण्यांत कितपत तथ्य आहे, ते पाहू.

प्रथम, पोटातले पाऊल दिसले कसे? आपल्या कानांना सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीच्या यंत्रातील ध्वनिलहरींची कंपने मात्र सेकंदाला काही दशलक्ष असतात. या लहरी शरीरात शिरतात, निरनिराळ्या ऊतींच्या सीमांवर आदळून परततात आणि त्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटते. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भाची अशी चित्रे 1958 मध्ये प्रसिद्ध केली. गुडघ्याखालची दोन्ही हाडे ज्या चित्रात शेजारी शेजारी दिसतात, त्याच चित्रात तळवा पसरलेला दिसू नये. तो पुनःपुन्हा तसाच दिसला, तर पाऊल वळलेले असावे असे डॉक्टर ओळखतात. 'असावे' असे म्हणायचे, कारण बाळाने पाय नुसता तसा धरलेला असू शकतो. खात्री जन्मानंतरच होते. हा दोष दिसला की डॉक्टर बाळाचा कणा, हृदय वगैरे भागही नीट तपासतात. बहुतेक बाळांत दोष पावलापुरताच असतो.

या स्थितीत पावलाचा पुढचा भाग आत वळतो, तळवा आतल्या बाजूला तोंड करतो आणि टाच वर ओढलेली राहते. साधारणपणे दर हजार बाळांत एकाचे पाऊल असे असते. त्यांतील निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात, आणि मुलांत हा दोष मुलींच्या सुमारे दुप्पट आढळतो. उपचार न केल्यास मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागते.

आता ग्रहणाचे पाहू. एखाद्या गावातून सूर्यग्रहण क्वचितच दिसते, पण अशी बाळे जगभर रोज जन्मतात. ज्या देशांत ग्रहण पाळणे कोणाला ठाऊकही नाही, तेथेही ती जन्मतात. मग दोष भाजी चिरण्याचा कसा? नेमके कारण अजून पूर्णपणे उलगडलेले नाही, पण त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. आईने ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पाऊल वळत नाही. तेव्हा वहिनीला बोल लावणे हा अन्यायच आहे.

'जन्मभर लंगडणार' हेही खरे नाही. नवजात बाळाच्या पावलातील हाडांचा बराच भाग मऊ कूर्चेचा असतो. हाडे एकमेकांना बांधणारे अस्थिबंध कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असतात. हे तंतू लहरीदार असतात. हलकेच ताणले की लहरी सरळ होतात आणि काही दिवसांनी पुन्हा उमटतात. मग ते आणखी थोडे ताणता येतात.

या गुणाचा उपयोग इग्नासियो पॉन्सेटी यांनी केला. 1914 मध्ये स्पेनच्या मेनोर्का बेटावर जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत आयोवा येथे काम करू लागले. लहानपणी मोठी शस्त्रक्रिया झालेली पावले मोठेपणी ताठर व दुखरी होतात, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी हाताने हळूहळू पाऊल वळवण्याची पद्धत बसवली आणि 1963 मध्ये ती प्रसिद्ध केली. तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1990 नंतरच्या दशकात मात्र ती जगभर पसरू लागली.

जन्मानंतर एक-दोन आठवड्यांतच उपचार सुरू करता येतात. डॉक्टर पाऊल हलकेच बाहेर वळवतात आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. दर आठवड्याला ते काढून पाऊल आणखी थोडे वळवतात. साधारण पाच-सहा प्लॅस्टरांत पाऊल पुष्कळसे सरळ होते. राहते ती वर ओढलेली टाच.

आता तुमच्या टाचेच्या मागची जाड दोरी चिमटीत धरून पाहा. ही कंडरा होय. बहुतेक बाळांची ही कंडरा आखूड असते. तो भाग बधिर करून बारीक पात्याने ती कापतात आणि तीन आठवडे शेवटचे प्लॅस्टर ठेवतात. तेवढ्यात ती पुन्हा जुळून येते, पण आता लांब होऊन!

खरी कसोटी यापुढे असते. पाऊल पुन्हा वळू पाहते. म्हणून एका दांडीला जोडलेले दोन बूट बाळाला पहिले तीन महिने दिवसातून 23 तास आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. बाळ रडते, आजीचा जीव कळवळतो आणि 'आता पाय सरळ दिसतो की' म्हणून बूट कपाटात जातात. दोष उलटण्याचे हेच मुख्य कारण आहे. पोटरी थोडी बारीक राहते खरी, पण नेटाने उपचार केलेली मुले धावतात आणि खेळतातही.

पोटात असताना पाऊल सरळ करता येत नाही. मग आधी कळून काय उपयोग? उपयोग हा, की घराला तयारीला चार महिने मिळतात. डॉक्टर शोधता येतात आणि घाबरण्याचे दिवस बाळ येण्यापूर्वीच संपतात. आपल्या देशात 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या दोषाची तपासणी होते.

तेव्हा अशी कुजबुज कानी आली, तर हे सगळे घरात समजावून सांगा. आणि बाळ आल्यावर रोज रात्री बूट घातले की नाही, हे पाहण्याचे काम तुम्हीच अंगावर घ्या.