न आलेला राजकुमार

१० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. तिचं काम पुण्यात आणि मुंबईत चाललं होतं. कंपनीच्या भारतातल्या शाखांकडे एवढ्या मोठ्या नावाची सूत्रं पहिल्यांदाच आली होती. योगायोग असा, की मूळ कथेची सुरुवातही भारतातच होते: पर्शियाची फौज एका महाराजाच्या शहरावर चालून येते आणि त्या महाराजाची मुलगी फराह पुढे कथेची नायिका होते. ट्रेलर आला, २१ जानेवारी २०२१ ही तारीख आली, आगाऊ नोंदणीही सुरू झाली. मग तारीख १८ मार्चवर गेली आणि फेब्रुवारीत तीही मागे घेतली गेली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या शाखेकडे सोपवल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी आगाऊ नोंदणी रद्द करून पैसे परत देण्यात आले. जून २०२४ मध्ये एक लहानशी चित्रफीत दाखवून कंपनीने २०२६ हे साल सांगितलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने एकदम सहा गेम रद्द केले, त्यांत हाही होता. पाच वर्षांहून अधिक काळ बातम्या येत राहिल्या, राजकुमार काही आला नाही.

यावर दोन निष्कर्ष हमखास ऐकू येतात. एक, कंपनीने लोकांना फसवलं. दुसरा, आपल्याकडच्या लोकांना असलं काम झेपत नाही. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एकाच गैरसमजातून येतात. येणाऱ्या गेमची बातमी ही तयार वस्तूची बातमी असते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एका बेताची बातमी असते. हा बेत पैसा, माणसं आणि वेळ यांच्या हिशेबावर आखलेला असतो आणि हिशेब बदलला की तोही बदलतो. कन्नड तालुक्यातल्या पिशोरमध्ये फोनवर ट्रेलर दिसतो तो लंडन-टोकियोच्याच क्षणी, त्यामुळे गेमही त्याच पावलाने येईल असं वाटणं साहजिक आहे. पण याच पिशोरमध्ये बियाण्याच्या पाकिटावरचं टपोरं कापसाचं बोंड पाहून कोणी क्विंटलचा हिशेब मांडत नाही. तेवढीच सावध नजर ट्रेलरला लावायची आहे.

ट्रेलर कसा बनतो ते पाहिलं की बरंच धुकं विरतं. गेम अर्धाकच्चा असताना स्टुडिओ त्यातला पाच-दहा मिनिटांचा एक तुकडा पूर्ण घासूनपुसून तयार करतो. उरलेल्या भागात तेव्हा रिकाम्या भिंती आणि तात्पुरते पुतळे असतात. हा नमुना म्हणजे 'सगळा गेम असा व्हावा' ही इच्छा. कधी तर तेवढंही नसतं. २००५ मध्ये सोनीने दाखवलेला 'किलझोन २' चा गाजलेला ट्रेलर हा आधी रंगवून घेतलेला चित्रपट होता, खेळताना टिपलेलं दृश्य नव्हतं. गेम विक्रीला आला २००९ मध्ये. 'वॉच डॉग्ज' २०१२ मध्ये दिसला तेव्हाचा पाऊस आणि प्रकाश २०१४ च्या गेममध्ये कसा फिका पडला, यावर खेळणाऱ्यांनी शेजारी-शेजारी चित्रं लावून वाद घातले. म्हणून ट्रेलरच्या तळाशी बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते आधी वाचावं: दृश्य खेळताना टिपलंय का, आणि कोणत्या यंत्रावर. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' चा दुसरा ट्रेलर मे २०२५ मध्ये आला तेव्हा तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने आवर्जून सांगितलं, की तो प्लेस्टेशन ५ वर टिपलेला आहे आणि त्यात निम्मा खेळ, निम्मी कथादृश्यं आहेत. ही माहिती कंपनीने मुद्दाम दिली, कारण ती गृहीत धरता येत नाही.

मग हा खोटेपणा नव्हे का, आणि कायदा कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि ती गेमलाही लागू होऊ शकते. पण 'काम चालू आहे, अंतिम रूप वेगळं असू शकेल' अशी ओळ टाकलेल्या चित्रफितीला फसवणूक ठरवणं सोपं नसतं. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' विरुद्ध ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारी गेल्या: दाखवलं एक आणि मिळालं दुसरंच. प्राधिकरणाने तपास करून जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्णय दिला. उलट 'एलियन्स: कलोनिअल मरीन्स' (२०१३) च्या प्रकरणात, ट्रेलरमधली दृश्यं अंतिम गेमशी जुळत नाहीत हे प्रकाशक सेगाला मान्य करावं लागलं. सीमारेषा आहे, पण ती धूसर आहे. खरेदी आधी करून न्याय नंतर मिळवू, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

तारखेबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे. तारीख जाहीर झाली म्हणजे काम आटोपलं, असं आपण समजतो. राजकुमाराच्या त्या दोन तारखा पुन्हा पाहा: २१ जानेवारी आणि १८ मार्च. युबिसॉफ्टचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. दोन्ही तारखा त्या रेषेच्या अलीकडे होत्या. रेषा ओलांडायची वेळ आली तेव्हा तिसरी तारीख दिलीच गेली नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' ची प्रकाशक टेक-टू हिचंही वर्ष मार्चअखेरच संपतं. तिने आधी २०२५ सांगितलं, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६. मेवरून नोव्हेंबरवर जाताना आर्थिक वर्ष बदलत नाही. कंपनीच्या मनात काय होतं याचा हा पुरावा म्हणता येणार नाही, पण गेमच्या तारखेकडे भागधारकही डोळे लावून बसलेले असतात एवढं त्यातून कळतं. 'गोल्ड झाला' ही बातमीसुद्धा शेवटची नसते. डिस्क छापायला पाठवण्याजोगी प्रत तयार झाली, एवढाच तिचा अर्थ. 'सायबरपंक २०७७' गोल्ड झाल्याचं ५ ऑक्टोबर २०२० ला जाहीर झालं आणि त्याच महिन्यात, २७ तारखेला, गेम पुन्हा पुढे ढकलला गेला.

इथे एक सुप्रसिद्ध वचन आड येतं. उशिरा आलेला गेम शेवटी चांगला होतो, घाईने आणलेला कायमचा वाईट राहतो, असं निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो म्हणाल्याचं सर्रास सांगितलं जातं. त्यांनी तसं म्हटल्याचा भरवशाचा पुरावा सापडलेला नाही. तो सापडला तरी विधानाची दोन्ही टोकं वस्तुस्थितीपुढे टिकत नाहीत. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' १९९७ मध्ये जाहीर झाला, २०११ मध्ये आला आणि चौदा वर्षांच्या उशिराने त्याला काही चांगलं केलं नाही. 'सायबरपंक' १६ एप्रिलवरून १७ सप्टेंबर, तिथून १९ नोव्हेंबर, तिथून १० डिसेंबर अशी वाट चालत आला. तरी जुन्या कन्सोलवर तो इतका मोडका होता, की सोनीने आठवड्याभरात आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला. तो परतला जून २०२१ मध्ये. पुढची दोन-अडीच वर्षं दुरुस्त्या होत गेल्या आणि २०२३ पर्यंत त्याच गेमची वाहवा होऊ लागली. म्हणजे उशीर होऊनही वाईट, आणि वाईट असूनही पुढे चांगला. 'मेट्रॉइड प्राइम ४' ची तऱ्हा आणखी वेगळी: २०१७ मध्ये जाहीर झाला, जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोने केलेलं काम बाजूला ठेवून दुसऱ्या स्टुडिओकडे नव्याने सुरू केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये गेम आला. उशीर हे लक्षण आहे, निदान नाही. काय अडलं ते कळल्याशिवाय आनंद आणि संताप दोन्ही अवेळी.

'आपल्याकडच्यांना झेपत नाही' या शेऱ्याचं काय? २०२० च्या ट्रेलरवर टीका झाली हे खरं. चेहरे आणि प्रकाशयोजना जुन्या पिढीतली वाटली, आणि ती टीका सगळी आकसाची नव्हती. पण त्यापुढचा घटनाक्रम या शेऱ्याला साथ देत नाही. मूळ गेम घडवणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे काम गेल्यावरही साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि शेवटी रद्दच झालं. अडचण केवळ पुण्यात असती, तर पुण्याबाहेर ती सुटायला हवी होती. याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' याच काळात बाहेर आला. त्यासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. गेम मात्र झाला, आणि २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळालं. दोन्ही उदाहरणांतून पुण्याबद्दलचा निवाडा निघत नाही. कोणाकडे किती पैसा होता, निर्णय कोण घेत होतं आणि बेत केवढा होता, हे प्रश्न निघतात.

राजीच्या बातमीत इथल्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोने आपल्या कार्यक्रमात तो दाखवला आणि त्याच दिवशी स्विच या कन्सोलवर विक्रीला आणला. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर तो १५ ऑक्टोबरला आला. निन्टेन्डो मात्र भारतात स्विच अधिकृतपणे विकत नव्हतं. पुण्यात घडलेला गेम जगात आला, आणि पुण्यातल्या बहुतेकांना तो खेळण्यासाठी दोन महिने थांबावं लागलं. 'जगभर प्रकाशित' या शब्दांत आपण असूच, असं नाही. खुद्द प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आला, भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना.

बातमीतलं यंत्राचं नावही तितकंच निसटतं असतं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' हा बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा प्रकारचा गेम, २०२२ मध्ये जाहीर केला तेव्हा मोबाइल, पीसी आणि कन्सोल अशी तिन्ही नावं घेतली गेली. १६ ऑक्टोबर २०२४ ला तो आला तो मोबाइलवर. त्याआधी एक कोटीहून अधिक लोकांनी पूर्वनोंदणी केल्याची बातमी झाली होती. पूर्वनोंदणीला पैसे लागत नाहीत. ती संख्या कुतूहल मोजते. उद्या किती जण खेळत राहतील याचं उत्तर तिच्यात नसतं. मोबाइल आधी आणण्यात मला काही गैर दिसत नाही, आपल्याकडे खेळणारे आहेतच मोबाइलवर. पण 'कन्सोलवर येणार' हे वाचून कोणी कन्सोल घेतला असेल, तर त्याने बेताला वस्तू समजण्याची किंमत मोजली.

राहिला प्रश्न पत्रकार आणि यूट्यूबवाल्यांचा. 'हे सगळे पैसे खाऊन गोड बोलतात' हा समज सोयीचा आहे, पण पुरेसा नाही. पैसे घेऊन केलेल्या प्रचारावर तसं स्पष्ट लिहावं, असा अॅस्की या आपल्या जाहिरात मानक संस्थेचा २०२१ पासूनचा दंडक आहे. खरा गोडवा बहुतेकदा निवडीतून येतो. प्रकाशनाआधी कोणाला बोलवायचं, कोणता भाग खेळू द्यायचा, कोणत्या दिवशी लिहू द्यायचं, हे प्रकाशक ठरवतो. प्रामाणिक माणूसही दाखवलेल्या तासाभराबद्दलच लिहू शकतो. 'सायबरपंक' ची परीक्षणं ७ डिसेंबर २०२० ला आली ती सगळी पीसीच्या प्रतीवरची. कन्सोलची प्रत आधी दिलीच नव्हती, आणि स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायलाही सुरुवातीला मनाई होती. त्या परीक्षणांनी पीसीबद्दल बरंचसं खरंच सांगितलं. पण ज्या माणसाच्या घरी प्लेस्टेशन ४ होता, त्याच्या यंत्राबद्दल त्यांत काहीच नव्हतं. तोवर आगाऊ नोंदणीचा आकडा ८० लाखांवर गेला होता.

तर मग या बातम्या वाचायच्याच नाहीत का? असं म्हणणं दुसऱ्या टोकाला जाणं होईल. लहान स्टुडिओला ट्रेलरमधूनच प्रकाशक आणि पैसा मिळतो. राजीसारखा गेम न दाखवता झालाच नसता. त्याच स्टुडिओने २०२५ मध्ये 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग जाहीर केला आहे आणि त्याबद्दल उत्सुकता वाटण्यात काहीच वावगं नाही. उत्सुकता फुकट असते. आगाऊ पैसे मात्र वेगळी गोष्ट आहे. डिस्क दुर्मिळ होती तेव्हा नोंदणीला अर्थ होता. डिजिटल प्रत कधी संपत नाही. प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या गेमची किंमत भारतात ४,९९९ रुपयांच्या घरात सुरू झाली. एवढ्या रकमेसाठी प्रकाशनानंतर आठ दिवस थांबलं, तर आपल्याच यंत्रावर खेळलेल्या माणसांनी टिपलेली दृश्यं फुकट पाहायला मिळतात. नोंदणीसोबत मिळणारे जादा कपडे आणि शस्त्रं हे त्या आठ दिवसांच्या माहितीचं मोल असतं, आणि ते बहुधा फार थोडं असतं. आणि थांबताना बातमीतलं यंत्राचं नावही पाहावं: रॉकस्टारने 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिजसाठी. पीसीचा त्या घोषणेत उल्लेख नव्हता.