ना माहेरची, ना सासरची

क्वाले काउंटीच्या खासदार झुलेखा हसन 7 ऑगस्ट 2019 रोजी नैरोबीच्या संसदेत आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ पाच महिन्यांचं बाळ होतं. घरी अचानक अडचण आली होती, बाळाला सांभाळायला कुणी नव्हतं आणि कामाचा दिवस बुडवायचा नव्हता. केनियाच्या सभागृहात परक्या व्यक्तीला बसता येत नाही. नियमाच्या भाषेत ते तान्हं बाळही परकंच ठरलं. आरडाओरडा सुरू झाला. आसनावरून हुकूम आला, की बाळाला बाहेर ठेवा आणि मग हवं तर परत या. झुलेखा बाळाला घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा काही महिला खासदारही त्यांच्यासोबत उठल्या.

या प्रसंगातला 'परकं' हा शब्द लक्षात ठेवायला हवा. आफ्रिकेच्या राजकारणात बायका कमी का दिसतात, याची कारणं सांगताना पैसा, हिंसा, रूढी, शिक्षण यांचा पाढा वाचला जातो. ती कारणं खरीच आहेत. पण अनेक देशांत या सगळ्याच्या आधी उमेदवार बाईला एक साधा वाटणारा प्रश्न विचारला जातो: तू कुठली?

आकडे आधी पाहू, कारण ते चकवतात. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत संसदेतल्या बायकांचं सरासरी प्रमाण सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास जगाच्या सरासरीइतकंच. मात्र ही सरासरी म्हणजे एक पाय चुलीत आणि एक पाय बर्फात ठेवून काढलेलं तापमान आहे. रवांडाच्या लोकप्रतिनिधी सभागृहात 2024 च्या निवडणुकीनंतर 80 पैकी 51 बायका आहेत. जगात इतकं प्रमाण दुसरीकडे कुठेच नाही. उलट नायजेरियात, म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या देशात, 2023 मध्ये 109 जणांच्या सिनेटवर फक्त 3 बायका निवडून आल्या. 36 राज्यांपैकी एकाही राज्यात आजवर बाई गव्हर्नर म्हणून निवडून आलेली नाही. अनांब्रा राज्यात व्हर्जिनिया एतियाबा 2006 च्या अखेरीस गव्हर्नर झाल्या, त्या आधीच्या गव्हर्नरवर महाभियोग आला म्हणून. तीनेक महिन्यांत न्यायालयाने त्या गव्हर्नरला पुन्हा खुर्चीवर बसवलं आणि एतियाबा उपगव्हर्नरपदावर परतल्या.

रवांडा आणि नायजेरियात इतकं अंतर का? नायजेरियातल्या बायका मागे राहणाऱ्या आहेत असं म्हणायला इतिहासात काडीचाही आधार नाही. 1929 साली आग्नेय नायजेरियात, बायकांवर कर बसणार या धास्तीने हजारो इग्बो आणि इबिबिओ बाजारकरणी रस्त्यावर आल्या. त्यांनी वसाहती सरकारने नेमलेल्या मुखियांच्या दारांत ठिय्या दिला, त्यांना पदं सोडायला भाग पाडलं. इंग्रजांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक जणी मेल्या. अबेओकुटात फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या संघटनेने करांविरुद्ध असा लढा दिला, की 1949 मध्ये तिथल्या राजाला, अलाकेला, गादी सोडावी लागली. ज्या प्रदेशात बायकांनी राजा हलवला, तिथे बाई गव्हर्नरपदापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न म्हणूनच बोचतो.

नायजेरियात माणूस कोणत्या राज्याचा, हे तो कुठे राहतो यावरून ठरत नाही. राज्यघटनेच्या व्याख्येनुसार ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा त्या राज्यातल्या मूळ समाजाचे, तो त्या राज्याचा. केंद्रातली मंत्रिपदं आणि मोठ्या नेमणुका राज्यांमध्ये वाटून द्यायच्या असतात, त्यामुळे या व्याख्येला मोल येतं. आता एका राज्यात जन्मलेली आणि दुसऱ्या राज्यात लग्न करून गेलेली बाई घ्या. माहेरचे म्हणतात, ती दिल्या घरची झाली, आमच्या वाट्याची जागा तिला कशाला? सासरचे म्हणतात, ती इथली नव्हेच.

हे कागदोपत्री घडलेलं आहे. न्यायमूर्ती इफेओमा जोम्बो-ओफो मूळच्या अनांब्राच्या, लग्नानंतर त्यांची सेवा अबिया या सासरच्या राज्यात झाली. नोव्हेंबर 2012 मध्ये अपील न्यायालयावर त्यांची नेमणूक अबियाच्या वाट्यातून झाली. शपथविधीच्या दिवशी, बाकीचे न्यायमूर्ती शपथ घेत असताना, त्यांना थांबवण्यात आलं. त्या अबियाच्या नाहीत, अशी तक्रार आली होती. थांबवणाऱ्या सरन्यायाधीश अलोमा मुख्तार या नायजेरियाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होत्या. देशभर ओरड झाली, सिनेटनेही दखल घेतली आणि काही दिवसांनी जोम्बो-ओफो यांना शपथ मिळाली. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला, नियम तसाच राहिला.

दहा वर्षांनी हा नियम बदलण्याची संधी आली. 1 मार्च 2022 रोजी अबुजात राष्ट्रीय सभेपुढे घटनादुरुस्तीचे पाच प्रस्ताव होते. पक्षांच्या कारभारात बायकांना 35 टक्के जागा, संसदेत खास जागा, मंत्रिमंडळात वाटा, आणि त्यांच्या जोडीला दोन प्रस्ताव थेट या माहेर-सासरच्या गुंत्याचे: लग्न होऊन पाच वर्षं झाल्यावर बाईला नवऱ्याच्या राज्याची मानावं, आणि नायजेरियन बाईच्या परदेशी नवऱ्यालाही नागरिकत्वाचा मार्ग असावा. परदेशी बायकोला तो मार्ग आधीपासून आहे. पाचही प्रस्ताव पडले. दुसऱ्या दिवसापासून बायका संसदेच्या फाटकाशी धरणं धरून बसल्या.

पक्षाच्या आतही बाई परकीच ठरते. जानेवारी 2011 मध्ये पीडीपी या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी मतदान घेतलं. गुडलक जोनाथन यांना अडीच हजारांहून अधिक मतं मिळाली. अनेक वर्षं या पदासाठी झटणाऱ्या सारा जुब्रिल यांना मिळालं एक मत. प्रतिनिधींमध्ये बायकाही होत्या. प्रतिनिधींना कोण आणतं, त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च कोण करतं आणि घरी परतल्यावर ते कुणाला उत्तर देतात, हे पाहिलं की त्या एका मताचा अर्थ लागतो. 2023 च्या निवडणुकीसाठी सत्ताधारी एपीसी पक्षाने अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या अर्जाची किंमत 10 कोटी नायरा ठेवली होती. बायकांना अशा शुल्कात सवलत देण्याची पद्धत आहे, पण अर्जानंतरचा खर्च सवलतीत येत नाही.

केनियाने हे दुखणं ओळखलं आणि 2010 च्या राज्यघटनेत औषधही लिहून ठेवलं. निवडून येणाऱ्या कोणत्याही संस्थेत एकाच लिंगाचे दोन-तृतीयांशाहून अधिक सदस्य नसावेत. शिवाय 47 काउंट्यांमधून प्रत्येकी एक महिला प्रतिनिधी राष्ट्रीय सभेत जाते. या 47, मतदारसंघांचे 290 आणि पक्षांनी नेमलेले 12 मिळून सभागृह 349 जणांचं. दोन-तृतीयांशाच्या नियमाने त्यात किमान 117 बायका हव्यात. आहेत ऐंशीच्या घरात. कमतरता कशी भरून काढायची हे घटनेने सांगितलं नाही, तो कायदा संसदेने करायचा होता. सर्वोच्च न्यायालयाने 27 ऑगस्ट 2015 ची मुदत दिली. विधेयकं आली आणि पडली. दुरुस्तीसाठी 233 मतं लागतात, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तर तितके सदस्य सभागृहात हजरच नव्हते. विरोधी भाषण करून बदनामी ओढवून घेण्यापेक्षा बाहेर राहणं सोपं होतं. शेवटी 21 सप्टेंबर 2020 रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी राष्ट्राध्यक्षांना लेखी सल्ला दिला, की घटनेचा भंग करणारी ही संसद विसर्जित करा. असं धाडस फार थोड्या सरन्यायाधीशांनी दाखवलं असेल. संसद विसर्जित झाली नाही. प्रकरण न्यायालयांत अडकलं आणि संसदेने मुदत पूर्ण केली.

मतदारसंघातून लढणाऱ्या केनियन बाईला 'तू कुठली' हा प्रश्न कुळाच्या रूपाने भेटतो. कुळातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द अनेक भागांत उमेदवारी ठरवतो. अविवाहित असेल तर उद्या लग्न होऊन निघून जाईल, विवाहित असेल तर नवऱ्याच्या गावी जाऊन मतं माग, असं तिला ऐकवलं जातं. पेरिस टोबिको यांना मासाई समाजातल्या काही वडीलधाऱ्यांनी उमेदवारीसाठी चक्क शाप दिला होता. 2013 मध्ये त्या काजियाडो पूर्व मतदारसंघातून निवडून आल्या आणि मासाई समाजातल्या पहिल्या महिला खासदार झाल्या. त्या वर्षी 290 मतदारसंघांतून निवडून आलेल्या बायका होत्या 16.

वंगारी मथाई यांची गोष्ट याच केनियातली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला, नैरोबी विद्यापीठातल्या प्राध्यापक. 1982 मध्ये त्यांनी आपल्या मूळ भागातून पोटनिवडणूक लढवायचं ठरवलं. नियमाप्रमाणे आधी नोकरीचा राजीनामा दिला. मग मतदार नोंदणीचं तांत्रिक कारण पुढे करून त्यांना अपात्र ठरवण्यात आलं. त्या विद्यापीठाकडे परतल्या, तर जागा भरली गेली होती. नोकरी गेली, राहतं घर गेलं. त्यांनी सगळी ताकद झाडं लावणाऱ्या बायकांच्या चळवळीत ओतली. संसदेत त्या पोहोचल्या 2002 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. दोनच वर्षांत त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्या वीस वर्षांत केनियाच्या संसदेने काय गमावलं, याचा हिशेब कुठेच मांडलेला नाही.

जिथे पक्षाची यादी पाहून मतदान होतं, तिथे 'तू कुठली' हा प्रश्न निम्मा विरघळतो. नामिबियात सत्ताधारी स्वापो पक्षाची यादी झेब्र्याच्या पट्ट्यांसारखी असते, एक बाई, एक पुरुष. मार्च 2025 मध्ये तिथे नेतुम्बो नांदी-नदाइतवाह राष्ट्राध्यक्ष झाल्या. उपराष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षाही बायकाच आहेत. याच देशात वॉर्डासारख्या एकेका मतदारसंघातून प्रादेशिक परिषदांवर माणसं निवडली जातात आणि त्यांतून वरचं सभागृह बनतं. तिथे बायकांची संख्या कितीतरी कमी राहत आली आहे. देश तोच, मतदार तेच, पक्षही तेच. शेजारचा बोट्स्वाना 1966 पासून नियमित निवडणुका घेणारा शांत देश, पण जागा मतदारसंघांच्या, आणि संसदेत बायका दहा टक्क्यांच्या आतबाहेर. याच बोट्स्वानात युनिटी डाऊ या वकील बाईला आपल्या मुलांच्या नागरिकत्वासाठी सरकारवर खटला भरावा लागला होता. नवरा अमेरिकन, म्हणून आईच्या देशात जन्मलेली मुलंही परदेशी! 1992 मध्ये त्यांनी तो अखेर जिंकला आणि पुढे त्या देशाच्या उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या.

यादीचीही एक किंमत आहे. नाव वर ठेवणारा हात नाव खालीही नेऊ शकतो. रवांडात 80 पैकी 24 जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि बाकीच्या बहुतेक पक्षांच्या याद्यांतून भरल्या जातात. 1994 च्या वंशसंहारानंतर देशात बायकाच मोठ्या संख्येने उरल्या होत्या. शेतं त्यांनी कसली, पंचायती त्यांनी चालवल्या. 1999 च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क मिळाला, 2003 च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत किमान 30 टक्के वाटा दिला. हे मोठं काम आहे, त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. मात्र राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांच्या विरोधात 2017 मध्ये उभं राहू पाहणाऱ्या दिआन र्विगारा यांची उमेदवारी फेटाळली गेली, त्यांना वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. न्यायालयाने निर्दोष सोडलं, तरी 2024 मध्ये उमेदवारी पुन्हा नाकारली गेली. ज्या देशाच्या संसदेत बायकांचं बहुमत आहे, त्याच देशात सत्तेला आव्हान देणाऱ्या बाईला मतपत्रिकेवर जागा नाही. सेनेगलमध्ये 2010 च्या समानता कायद्यामुळे संसदेत चाळीस टक्क्यांहून अधिक बायका आल्या, पण कायदा मंत्रिमंडळाला लागू नाही. 2024 मधल्या नव्या सरकारच्या 25 मंत्र्यांत बायका होत्या चार.

म्हणून केनियातल्या महिला प्रतिनिधींच्या 47 जागांकडे नीट पाहायला हवं. त्यांना सुरुवातीला 'फुलं देणाऱ्या मुली' म्हणून हिणवलं गेलं. पण ही जागा अख्ख्या काउंटीची असते. तिथे बाई हजारो नव्हे, लाखो मतदारांसमोर जाते, आपली माणसं उभी करते, आणि पाच वर्षांनी 'तू कुठली' हे विचारायचं कारण उरत नाही, कारण गावोगाव तिला लोक ओळखतात. ग्लॅडिस वांगा होमा बेच्या दोनदा महिला प्रतिनिधी होत्या, 2022 मध्ये तिथल्याच गव्हर्नर झाल्या. मेरूच्या कावीरा म्वांगाझा यांनीही हीच वाट धरली. त्यांच्या वाट्याला एकामागून एक महाभियोग आले आणि 2025 मध्ये न्यायालयाने त्यांची हकालपट्टी कायम केली. 2013 मध्ये 47 गव्हर्नरांत एकही बाई नव्हती. 2017 मध्ये तीन आल्या, 2022 मध्ये सात.

रिफ्ट खोऱ्यातल्या नाकुरू काउंटीत 2022 मध्ये मतदारांनी गव्हर्नर म्हणून सुझन किहिका यांना आणि सिनेटर म्हणून तबिथा करंजा यांना निवडलं. यांतली एकही जागा राखीव नव्हती. महिला प्रतिनिधी तर बाई असणारच, पण मतदारसंघांच्या साध्या जागांवरही अनेक बायका आल्या. पुढची निवडणूक ऑगस्ट 2027 मध्ये आहे. दोन-तृतीयांशाचा कायदा अजून झालेला नाही, आणि काउंटीच्या राखीव जागेवर राहायचं की मतदारसंघात जाऊन पुरुषांसमोर उभं राहायचं, याचा विचार अनेक महिला प्रतिनिधींना आतापासूनच करावा लागणार आहे.