डिस्लेक्सिक? सो व्हॉट!

‘अगं, तू पत्रकार ना? मग तुला डिस्लेक्सिया कसा असेल?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव असा, की ही बया फुकटची सहानुभूती उकळतेय! आता काय सांगणार? मला लिहायला आवडतं आणि वाचायला वेळ लागतो. दोन्ही खरं आहे, बॉस.

डिस्लेक्सिया म्हटलं की सगळ्यांना २००७ चा ‘तारे जमीं पर’ आठवतो. दर्शील सफारीचा ईशान, नाचणारी अक्षरं आणि मदतीला धावून येणारा आमिर खान. सिनेमाचे उपकार आहेतच, कितीतरी आईबाबांना हा शब्द त्यामुळेच कळला. पण ईशान पडला शाळकरी पोरगा. अशी पोरं मोठी होतात, नोकरीला लागतात आणि बॉसच्या चाळीस ओळींच्या मेलकडे बघत घाम पुसतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. डिस्लेक्सिया वयाबरोबर जात नाही. तो आळस नाही, डोळ्यांचा आजार नाही आणि बुद्धी कमी असल्याचं लक्षण तर अजिबातच नाही. शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडायला मेंदूला जास्त कष्ट पडतात, एवढंच.

मराठीत तर त्याची खास गंमत! जसा उच्चार तसं अक्षर, मग देवनागरीत कसला आलाय डिस्लेक्सिया, असं लोकांना वाटतं. पण ‘कि’ घ्या. म्हणताना आधी क, मग इ. कागदावर मात्र वेलांटी क च्या डावीकडे. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी आणि लिहिताना थेट य च्या डोक्यावर! घ आणि ध, भ आणि म ही तर जुळी भावंडं. त्यांची ओळखपरेड माझ्याकडे अजून चालूच आहे.

शाळेत असताना माझी तपासणी झाली, सर्टिफिकेट मिळालं, दहावीला जादा वेळ मिळाला. (महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत अशा सवलती नव्वदच्या दशकापासून आहेत.) ते सर्टिफिकेट आई कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची. शेजारच्या काकूंना दिसायला नको ना!

आता वारं उलट्या दिशेने वाहतंय. २०२२ मध्ये लिंक्डइनने ‘डिस्लेक्सिक थिंकिंग’ हे चक्क एक स्किल म्हणून यादीत घेतलं. रिचर्ड ब्रॅन्सन स्वतःच्या डिस्लेक्सियाबद्दल अभिमानाने बोलतो, आपला बोमन इराणीही मोकळेपणाने सांगतो. छानच आहे. पण डिस्लेक्सिक म्हणजे आपोआप जीनियस, हा फंडा मला झेपत नाही. जीनियस नसलेल्यांनी काय करायचं? मला काय मिळालं ते सांगते. नोट्स वाचण्याचा कंटाळा, म्हणून मी कान देऊन ऐकते. मुलाखतीतलं वाक्य, माणूस कुठे अडखळला, कुठे हसला, सगळं डोक्यात राहतं. लांब वाक्यं मलाच वाचवत नाहीत, म्हणून मी छोटी लिहिते. यातलं डिस्लेक्सियाचं किती आणि माझं किती, हे वेगळं काढायच्या भानगडीत मी पडत नाही.

बाकी जुगाड तुमच्याआमच्यासारखाच. रेकॉर्डर, व्हॉइस टायपिंग, फोनकडून मेल वाचून घेणं आणि वेलांट्या तपासणारी एक जिवलग मैत्रीण. नोकरदारांसाठी एक कामाची गोष्ट : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत याचाही समावेश आहे आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं, असं तो कायदा सांगतो. तुमच्या एचआरला विचारून तर बघा. अर्थात, विचारायचं म्हणजे आधी ‘मला आहे’ म्हणायचं, आणि प्रमोशनच्या तोंडावर ते म्हणवत नाही. घाबरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. घर त्यांना चालवायचंय.

मी मात्र नव्या संपादकाला पहिल्याच मेलमध्ये कळवते : ‘मी डिस्लेक्सिक आहे. कॉपी वेळेवर मिळेल, वेलांट्या मात्र बघून घ्या.’ एकाने त्यानंतर रिप्लायच दिला नाही. दुसरीचा पाचव्या मिनिटाला फोन. ‘अगं, मलाही आहे. इथे ऑफिसात कुणाला माहीत नाही.’ मग आम्ही तासभर बोलत बसलो. लेखाचा विषय ठरवायचा राहूनच गेला.