धावड्याचे गोत्र

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूस, धावडा नावाचे गाव आहे. कोरड्या पानझडी रानांतील एक नेहमीचे झाडही याच नावाने ओळखले जाते. शहरातल्या घरात हे झाड पोहोचते ते डिंकाच्या रूपाने. बाळंतिणीच्या लाडवांसाठी मुद्दाम मागून आणतात तो धावड्याचाच डिंक. लाकूड चिवट, त्यामुळे कुऱ्हाडीच्या दांड्यास आणि गाडीच्या आसास पसंत पडणारे.

रानात उभा असलेला धावडा ओळखणे अवघड नाही. पांढुरकी गुळगुळीत साल, थंडीत तांबूस होणारी पाने आणि चिमुकल्या फळांचे गोल गेंद, एवढ्या खुणा पुरेशा होतात. पंचाईत पडते ती झाड तुटल्यावर. पानाफुलांवाचून पडलेला ओंडका, किंवा त्याहून वाईट म्हणजे सालीची पूड, आपले नाव सांगत नाही. अर्जुनाची साल हृदयरोगावर दिली जाते. त्याचा जवळचा नातलग ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. परंतु दोन्ही साली कुटून वस्त्रगाळ केल्यावर तो भेद डोळ्यांस कसा दिसावा? पुडीवरील नावावर विश्वास ठेवून औषध घेणाऱ्या रोग्याच्या दृष्टीने हा प्रश्न काही केवळ पंडिती नव्हे.

अशा वेळी पेशीतील डीएनएची साक्ष काढावयाची. डीएनए हा जणू चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक लेख होय. तो सबंध वाचण्याचे कारण नसते. जातीजातींत फरक दाखविणारे मोजके उतारे पाहिले म्हणजे झाले. प्राण्यांसाठी असा एक उतारा २००३ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी सुचविला. वनस्पतींत मात्र तोच उतारा इतका मंद बदलतो की त्याचा उपयोग होत नाही. म्हणून २००९ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने हरितकणांतील दोन जनुके, आरबीसीएल आणि मॅटके, निवडली. या जोडीने शंभरात सुमारे ७२ वेळा जात नेमकी कळली. उरलेल्या वेळी जवळच्या नातलगांचा गट तेवढा हाती लागला. शिवाय हरितकण बहुधा आईकडूनच येतात, तेव्हा संकराच्या झाडाचा पिता त्यांत सापडावयाचा नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातील उतारेही तपासावे लागतात. कोवळे पान सिलिका जेलमध्ये वाळविले तर काम सोपे होते; ओंडक्याच्या गाभ्यातील डीएनए मात्र तुकडे तुकडे झालेला असतो, आणि तेथे आखूड उताऱ्यांवरच भागवावे लागते.

खुद्द धावड्याची कथा या शास्त्राने मोठी गमतीची करून ठेवली आहे. रॉक्सबर्गने त्यास कोनोकार्पस या प्रजातीत घातले होते. पुढे एकोणिसाव्या शतकातच, गोल गेंदांमुळे, ॲनोजायसस ही निराळी प्रजाती मानून त्याची तीत स्थापना झाली, आणि तेथे तो दीर्घकाळ सुखाने नांदला. परंतु हरितकण व पेशीकेंद्र या दोन्हींतील उतारे ताडून पाहता असे आढळले की, ही प्रजाती टर्मिनालियाच्या वंशवृक्षातच एक फांदी म्हणून बसते. टर्मिनालिया म्हणजे हिरडा, बेहडा, ऐन आणि अर्जुन यांचे घराणे. २०१७ साली धावडा त्यात दाखल झाला. तेथे ‘लॅटिफोलिया’ हे नाव आधीच दुसऱ्या झाडाने घेतलेले असल्यामुळे त्यास टर्मिनालिया ॲनोजायसियाना असे नवे नाव मिळाले. डिंकाला अर्थात या गोत्रांतराची वार्ताही नाही.

या परीक्षेचे एक मर्म पुष्कळदा ध्यानात येत नाही. नमुन्यातील उतारा नोंदलेल्या उताऱ्यांशी ताडून नाव काढावयाचे असते, आणि त्या नोंदींना मूळ नावे दिली ती फुले-फळे पाहणाऱ्या माणसांनीच. तेथे चूक झाली असेल, तर यंत्र तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने परत सांगणार. म्हणून संदर्भासाठी धावड्याचे एक पान तपासावयाचे झाले तरी त्याच झाडाची दुसरी डहाळी, गेंदासह दाबून, वाळवून, ठिकाण आणि तारीख लिहून, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहासारख्या एखाद्या जागी ठेवावयाची असते. पुढे कोणास शंका आली, तर तो कागद काढून पाहता येतो.