संकेतस्थळाचे बिऱ्हाड

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख भोपाळकरांस निराळी सांगावयास नको. त्या दिवसापूर्वीही मध्य प्रदेश नावाचे राज्य होतेच. परंतु त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ ही राज्ये मध्य प्रदेशात विलीन झाली आणि राजधानीचा मान भोपाळास मिळाला. राज्याचे नाव तेच राहिले, कारभाराची जागा मात्र बदलली. कचेऱ्या आल्या, दप्तरे आली आणि त्यांच्या पाठोपाठ कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडेही आली. नाव कायम ठेवून जागा बदलणे हे केवढ्या काळजीचे काम असते, याचा अनुभव त्या पिढीने घेतला.

आज त्याच जातीचे काम, अर्थात फार लहान प्रमाणावर, एखाद्या दुकानदारास किंवा गृहोद्योग चालविणाऱ्या भगिनीस आपल्या संकेतस्थळाच्या बाबतीत करावे लागते. ते कसे करावे आणि त्यात धोका कोठे असतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

समजा, आपल्यापैकी एखाद्याच्या घरी दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. चकल्या, अनारसे, करंज्या यांची मागणी पुण्याहून, बंगळूरहून, क्वचित परदेशांतूनही येते आणि ती येते वेबसाइटच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या द्वारे. हे संकेतस्थळ असते तरी कोठे? पुष्कळांची अशी समजूत असते की, ते कोठेतरी हवेत तरंगत असते. वस्तुतः ते एका संगणकावर साठविलेले असते. रात्रंदिवस चालू राहणाऱ्या आणि मागेल त्यास माहिती पुरविणाऱ्या अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. असे सर्व्हर बाळगून त्यांवरील जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांस होस्टिंग कंपन्या म्हणतात. तेव्हा होस्टिंग कंपनी म्हणजे घरमालक आणि आपले संकेतस्थळ म्हणजे भाडेकरू, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. संकेतस्थळाची तीन अंगे असतात: पहिले नाव, दुसरे सामान आणि तिसरे जागा. नाव म्हणजे लोक ज्या अक्षरांनी आपणांस शोधतात ते. त्यास डोमेन म्हणतात. सामान म्हणजे पाने, छायाचित्रे आणि मागण्यांची व ग्राहकांची नोंदवही. जागा म्हणजे सर्व्हर. ही तिन्ही एकाच कंपनीकडून घेण्याची चाल असल्यामुळे लोकांस ती एकच वाटतात. ती एक नाहीत, हे ज्यास उमगले त्यास स्थलांतराचे निम्मे रहस्य कळले.

नाव आणि जागा यांची सांगड कशी घातली जाते, तेही पाहू. प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांक असतो. रूढ पद्धतीत तो ० ते २५५ या मर्यादेतील चार संख्यांचा असतो. असे क्रमांक कोण पाठ करणार? म्हणून नावावरून क्रमांक सांगणारी एक जगव्यापी व्यवस्था आहे. तिला डीएनएस म्हणतात. प्रारंभी जगातील सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे. यादी वाढू लागली तशी ती अपुरी पडली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही विभागलेली व्यवस्था योजिली. संकेतस्थळ हलविणे म्हणजे सामान नव्या जागी नेणे आणि मग या व्यवस्थेत आपल्या नावापुढील जुना क्रमांक खोडून नवा लिहिणे. ग्राहकास त्याची वार्ताही लागत नाही. तो पूर्वीचेच नाव लिहितो आणि नव्या दारी येऊन उभा राहतो.

घर बदलण्याची कारणे येथेही तीच असतात. भाडे वाढते, जागा अपुरी पडते, ऐन गर्दीच्या दिवसांत पाने उघडावयास विलंब लागतो किंवा तक्रारीस कोणी उत्तर देत नाही. कारण कोणतेही असो, घाई मात्र करू नये. फराळाच्या व्यापाऱ्याने आश्विन महिन्यात बिऱ्हाड हलविणे हा शुद्ध आततायीपणा होय. दिवाळी आटोपल्यावर, मागण्या विरळ असताना हे काम हाती घ्यावे.

प्रथम सामानाची यादी करावी. पाने व छायाचित्रे सहसा कोणी विसरत नाही. नोंदवही, पैसे स्वीकारण्याची व्यवस्था आणि व्यवसायाच्या नावाने चालणारी टपालपेटी, म्हणजे ईमेल, यांचा मात्र विसर पडतो. त्यानंतर सर्व सामानाची संपूर्ण प्रत काढावी. घर बदलताना टेबल उचलले की ते जुन्या घरात उरत नाही. येथे मात्र वस्तू न उचलता तिची हुबेहूब प्रत नेता येते. म्हणून जुने संकेतस्थळ चालू ठेवूनच नवीन जागा भाड्याने घ्यावी आणि तेथे सर्व मांडणी करून पाहावी. जगास नवा क्रमांक कळविण्यापूर्वी आपण एकट्यानेच त्या जागेची कसून परीक्षा घ्यावी. एक खोटी मागणी नोंदवावी. पैसे भरण्याचे पान उघडते की नाही, ते पाहावे. नव्या जागेसाठी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळाले आहे याची खात्री करावी. ते नसेल तर ग्राहकाच्या पडद्यावर धोक्याची सूचना झळकते आणि तो माघारी फिरतो.

मराठी संकेतस्थळास आणखी एक कसोटी लावावी लागते. संगणक अक्षरे ही अंकांच्या रूपाने साठवितो. जुन्या आणि नव्या नोंदवहीतील अंकलेखनाची पद्धत निराळी असेल, तर ‘अनारसे’ या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. युनिकोडवर आधारलेली यूटीएफ-८ ही पद्धत दोन्ही ठिकाणी असली म्हणजे देवनागरी शाबूत राहते. दोन-चार पाने उघडून काना, मात्रा, जोडाक्षरे जागच्या जागी आहेत ना, हे डोळ्यांनी वाचून पाहावे.

आता क्रमांक बदलण्याचा क्षण. डीएनएसमध्ये एक सोय आहे. तीच नवशिक्याची फजिती करते. एकदा विचारलेला क्रमांक ठिकठिकाणचे संगणक काही काळ स्मरणात ठेवतात, म्हणजे वारंवार विचारावे लागत नाही. हा काळ सेकंदांत लिहून ठेवलेला असतो. तो ८६,४०० असेल, तर एक पूर्ण दिवसपर्यंत कित्येक ग्राहक जुन्याच दारी जात राहतील. म्हणून स्थलांतरापूर्वी दोन दिवस ही मर्यादा ३०० सेकंदांवर, म्हणजे पाच मिनिटांवर आणावी. नंतर ठरल्या वेळी जुन्या ठिकाणी मागण्या घेणे काही तास थांबवावे, तशी नम्र सूचना तेथे लावावी, नोंदवहीची अखेरची प्रत नव्या जागी न्यावी आणि मगच क्रमांक बदलावा. मागण्या थांबविल्या नाहीत, तर मधल्या वेळेत कोणीतरी जुन्या दुकानी पैसे भरतो आणि त्याची नोंद नव्या वहीत येतच नाही. ग्राहक फराळाची वाट पाहत बसतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून लाजिरवाणे काय असणार?

टपालाचेही तसेच. डीएनएसमध्ये टपालाचा पत्ता वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. ती ओळ नव्या ठिकाणी उतरविली नाही, तर संकेतस्थळ दिमाखात उघडते आणि पत्रे मात्र हरवतात. म्हणून बदलानंतर स्वतःस एक पत्र पाठवून ते पोहोचते की नाही हे पाहावे. जुनी जागा निदान दोन आठवडे सोडू नये. सोडताना मात्र तेथील ग्राहकांची नावे व पत्ते पुसून टाकावेत. ती लोकांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे.

प्रतीविषयी एक घटना सांगण्यासारखी आहे. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या केंद्रास आग लागली आणि एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्यांची प्रत अन्यत्र होती त्यांनी नवी जागा घेऊन पुन्हा संसार मांडला. ज्यांची नव्हती त्यांपैकी कित्येकांस आपली माहिती कायमची गमवावी लागली. यास्तव एक प्रत आपल्या घरी, आपल्या कपाटात असलीच पाहिजे.

तथापि सामानाहूनही मोलाचे असते ते नाव. आपल्याच देशातील उदाहरण घ्या. नेट फोर इंडिया ही नावांची नोंदणी आणि होस्टिंग करणारी एक जुनी भारतीय कंपनी. २०१९ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कायदेशीर कारवाई सुरू झाली. पुढे ग्राहकांस आपल्या नावांचे नूतनीकरण करणे किंवा ती अन्यत्र नेणे दुरापास्त झाले. तक्रारी वाढल्या, आणि २०२१ मध्ये नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिची मान्यता रद्द करून हजारो नावे दुसऱ्या नोंदणीदाराकडे सोपविली. या लोकांचा अपराध काय होता? काहीही नाही. परंतु नाव हातचे गेले, तर सामान सुरक्षित असूनही दुकान कोणास सापडत नाही.

यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. नावाची नोंदणी व्यवसायाच्या मालकाच्याच नावाने असावी. संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कारागिराच्या किंवा शेजारच्या हुशार मुलाच्या नावाने असू नये. नोंदणीच्या कागदावरील ईमेल आणि दूरध्वनी चालू असावेत, कारण नूतनीकरणाची सूचना तेथेच येते. ती ईमेलची पेटीही त्याच नावावर चालणारी नसावी. नाव बंद पडले की ती सूचनाही वाटेतच अडकेल. नाव एके ठिकाणी व जागा दुसरीकडे ठेवता येते, आणि लहान व्यावसायिकास तेच अधिक श्रेयस्कर. घरमालकाशी बिनसले तरी पाटी आपल्याच हाती राहते.

ही पाटी आता आपल्या लिपीतही रंगविता येते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ या नावांचा प्रारंभ झाला आणि मराठी व हिंदी यांच्याबरोबर माझ्या मातृभाषेस, कोंकणीसही तीत स्थान मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आईचा किंवा काकांचा असा एखादा छोटा व्यवसाय असेल. संगणकाचे काम तुमच्याकडे सोपवून वडील माणसे निश्चिंत झालेली असतील. आज घरी गेल्यावर त्यांस तीन प्रश्न विचारा: आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे? त्याची मुदत केव्हा संपते? आणि सर्व सामानाची प्रत घरात कोठे आहे? उत्तरे तत्काळ मिळाली, तर उत्तमच. न मिळाली, तर येत्या सुट्टीत ती शोधून एका वहीत लिहून ठेवा.